पुठ्ठ्याच्या फौजेतील हुद्दे

सुटीच्या दिवसांत इंदुरातील एखाद्या मराठी घरी मुलांनी पुठ्ठ्याचे स्वार कापून जुन्या लढायांचा खेळ मांडला, की पहिला तंटा हुद्द्यांवरून होतो. ज्याला त्याला सेनापती व्हावयाचे असते. मग पटावर चार सेनापती आणि हुकूम मानणारा एकही नाही, अशी अवस्था होते.

हुद्दा म्हणजे शोभेचा तुरा नव्हे. त्यामागे मोजकी माणसे असत. सभासदाच्या बखरीत शिवछत्रपतींच्या पागेची मांडणी दिली आहे. २५ बारगिरांवर एक हवालदार, ५ हवालदारांवर जुमलेदार, १० जुमल्यांवर हजारी, ५ हजारींवर पंचहजारी आणि सर्वांवर सरनोबत. हिशेब केल्यास जुमलेदाराकडे १२५ आणि हजारीकडे १,२५० बारगीर येतात. म्हणजे नावातील आकडा व हाताखालचे स्वार नेहमी जुळतातच असे नाही. मोगलांच्या मनसबीत तर ‘जात’ आणि ‘स्वार’ असे दोन आकडेच असत. पहिला मानाचा व पगाराचा, दुसरा बाळगावयाच्या घोडेस्वारांचा.

खेळात हाच हिशेब चालवावा. हवालदाराचा हुकूम लगतच्या घरापुरता, सरनोबताचा साऱ्या पटावर. बारगिराचे घोडे सरकारी, शिलेदाराचे स्वतःचे. तेव्हा घोडे वाचविण्यासाठी मागे सरण्याची एक खेळी शिलेदाराला द्यावी.

परंतु होळकरांची फौज मांडावयाची, तर हीच नावे चालणार नाहीत. थोरले मल्हारराव (१६९३–१७६६) सुभेदार म्हणून ओळखले जातात. त्यांना सरनोबत म्हणणे म्हणजे दोन काळांची सरमिसळ करणे होय. १७६७ नंतरचा डाव असेल, तर राज्यकारभार अहिल्याबाईंकडे आणि फौजेचे नेतृत्व तुकोजीरावांकडे होते. तेथे एकच राजा करून भागत नाही. महेश्वरी खजिन्याची सोंगटी वेगळी आणि रणांगणावरील वेगळी हवी. पैशावरून त्या दोघांत कुरबुरी होत, हे लक्षात घेता खजिन्यातून रक्कम सुटल्याखेरीज फौजेने कूच करू नये, असा नियम शोभून दिसेल.

म्हणून सोंगट्या वाटण्यापूर्वी साल ठरवावे, मग हुद्दे. असे केल्यास ज्याच्या वाट्याला साधा हवालदार येईल, तोही रुसणार नाही. कारण त्याचे २५ स्वार जागचे हलले नाहीत, तर जुमलेदाराचा सारा बेत अडतो, हे त्याला पहिल्याच डावात कळून येईल.