श्रेणीचे टक्के : नियम विद्यापीठाचा, सही आपली

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन शिबिरातील भाषण)



आजचा माझा विषय फार लहान आहे. नोकरीच्या अर्जात 'पदवीच्या गुणांची टक्केवारी' असा एक रकाना असतो. तेवढ्यापुरतेच मी बोलणार आहे. परंतु त्या एका रकान्यापायी आपल्या वस्तीतील एका मुलाची हातातोंडाशी आलेली नोकरी गेली, म्हणून हा विषय मुद्दाम घेतला.

तो घरातला पहिला पदवीधर. त्याच्या निकालपत्रावर टक्के नव्हते, दहापैकी ६.४ अशी सरासरी श्रेणी होती, जिला तुम्ही सीजीपीए म्हणता. जाहिरातीत अट ६० टक्क्यांची. मित्र म्हणाला, "साडेनऊने गुण." त्याने गुणले, ६०.८ आले, तेच लिहिले. लेखी परीक्षा तो उत्तीर्ण झाला, मुलाखतीचे पत्रही आले. कागदपत्रांच्या पडताळणीत मात्र विद्यापीठाच्या नियमाने त्याचे ५९ टक्केच भरले आणि उमेदवारी रद्द झाली. मुलगा खोटारडा नव्हता. पण 'वरील माहिती खरी आहे' या वाक्याखालची सही त्याचीच होती.

हे साडेनऊ आले कोठून? सीबीएसईने २०१० ते २०१७ या काळात दहावीच्या निकालात श्रेणी दिल्या. त्यांचे अंदाजी टक्के काढण्यासाठी साडेनऊने गुणण्याची रीत होती. ती दहावीची रीत. पदवीशी तिचा संबंध नाही. पदवीला प्रत्येक विद्यापीठाचा नियम निराळा. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात श्रेणीला सरळ दहाने गुणतात. बेळगावच्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या २०१५ च्या योजनेत आधी ०.७५ वजा करून मग दहाने गुणतात. म्हणजे तेच ६.४ एकीकडे ६४ टक्के, तर दुसरीकडे ५६.५ टक्के! अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कोष्टकात तर ६० टक्क्यांसाठी ६.७५ लागतात.

असे का होते, तेही समजून घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा अंकी पद्धतीत 'ओ' श्रेणीला १०, 'ए प्लस'ला ९, 'ए'ला ८ असे उतरते अंक आहेत. प्रत्येक विषयाच्या अंकाला त्याच्या श्रेयांकाने गुणायचे आणि बेरजेला एकूण श्रेयांकांनी भागायचे. चार श्रेयांकांच्या विषयात ८ आणि दोन श्रेयांकांच्या विषयात ५ मिळाले, तर ३२ आणि १० मिळून ४२. भागिले ६, म्हणजे सरासरी ७. आता एकाच श्रेणीत अनेक निरनिराळे गुण सामावलेले असतात. त्यामुळे श्रेणीवरून मूळ गुण परत काढता येत नाहीत. टक्के ठरतात ते विद्यापीठाच्या नियमाने, आपल्या हिशेबाने नव्हे.

चूक उलट्या बाजूनेही होते. एका मुलीला एम. ए. ला ५.६ होते. कोणीतरी दुसऱ्याच विद्यापीठाचे सूत्र लावून तिला ४८.५ टक्के सांगितले. नेट परीक्षेला एम. ए. चे ५५ टक्के लागतात. अनुसूचित जातींना ५० टक्के. आपण त्यातही बसत नाही असे समजून तिने अर्जच भरला नाही. वास्तविक तिच्या विद्यापीठाच्या नियमाने तिचे ५६ टक्के होत होते. सवलतीचीसुद्धा गरज नव्हती! खोट्या आशेइतकीच खोटी निराशाही घात करते.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, चार गोष्टी करा. एक, निकालपत्राची मागची बाजू वाचा. पुष्कळदा नियम तेथेच छापलेला असतो. दोन, अभ्यासक्रम बदलला की सूत्रही बदलू शकते, तेव्हा आपल्या प्रवेशवर्षाचा नियम पाहा. तीन, परीक्षा विभागाकडून रूपांतराचे प्रमाणपत्र आजच मागून घ्या. आयबीपीएसच्या बँकभरतीत मुलाखतीच्या वेळी ते दाखवावे लागते आणि पत्र आल्यावर धावपळ करून ते हाती पडेलच असे नाही. चार, टक्के वर ओढू नका. त्याच जाहिरातींत ५९.९९ टक्के हे ६० पेक्षा कमीच धरले जातील, असे स्पष्ट लिहिलेले असते. आणि जाहिरातीतच रूपांतराची रीत दिली असेल, तर त्या अर्जापुरती तीच पाळा.

पालकांनाही एक विनंती. आपल्यापैकी अनेकांना हा कागद वाचता येणार नाही, यात कमीपणा नाही. मुलाला एवढेच विचारा, "हे टक्के कोणी ठरवले?" उत्तर "मित्राने" असे आले, तर अर्ज त्या दिवशी पाठवू देऊ नका.

आणि संस्थेला सुचवितो, की आपल्या पदवीधर सभासदांनी आपापल्या विद्यापीठाच्या नियमाची एकेक प्रत वाचनालयात आणून द्यावी. एक फाईल तयार होईल. ज्या मुलाची नोकरी गेली, त्याने आपली प्रत कालच आणून दिली आहे. त्या फाईलमधला पहिला कागद त्याचाच आहे.