मधलं बटण आणि गेलेला बॅलन्स

आज गटाच्या हिशोबाचं नाही, फोनच्या हिशोबाचं बोलायचंय.

आम्ही गावोगाव गट बांधत फिरत होतो तेव्हा बहुतेकींकडे साधे बटणांचे फोन होते. आमच्या गटातली एक मावशी दहा रुपयांचं रिचार्ज मारायची आणि दोन दिवसांत बॅलन्स गायब. घरात एकच बोलणं, "माहेरी गप्पा मारत बसतेस." मावशी शपथा घ्यायची, कोणी ऐकेना.

एका बैठकीत आम्ही तिचा फोन बघायला घेतला. मधलं बटण दाबलं गेलं की पडद्यावर पृथ्वीचा छोटा गोळा फिरायचा. तो गोळा म्हणजे इंटरनेट. मावशी फोन कमरेला खोचायची, वाकून काम करताना बटण दाबलं जायचं.

पण एवढ्याशा फोनवर इंटरनेट यायचं कसं? १९९७ साली नोकिया, एरिक्सन, मोटोरोला आणि अनवायर्ड प्लॅनेट या कंपन्या एकत्र बसल्या आणि सगळ्या फोनांसाठी 'वॅप' नावाची एकच रीत ठरवायला लागल्या. १९९९ च्या नोकिया ७११० वर ती चालायची. त्याचा पडदा आडवा ९६ आणि उभा ६५ ठिपक्यांचा, म्हणजे चार-पाच ओळी मावायच्या. म्हणून पानाला 'कार्ड' म्हणायचे आणि अशा कार्डांची गड्डी, आपल्या पत्त्यांसारखी, एकदमच फोनवर उतरायची. मधे कंपनीचा गेटवे नावाचा कॉम्प्युटर बसलेला. तो माहितीचं गाठोडं आवळून बांधून फोनकडे धाडायचा.

सुरुवातीला हे सगळं फोन लावल्यासारखंच होतं. सेकंदाला ९,६०० बिट एवढाच वेग, आणि पैसे मिनिटावर. तुम्ही वाचत बसलात तरी मीटर चालूच. मग जीपीआरएस आलं. त्यात माहिती तुकड्यातुकड्यांनी येते, आणि गिरणीत किलोवर दळणाचे पैसे घेतात तसे जेवढी माहिती उतरेल तेवढे पैसे. पुढे सुधारणा होत गेल्या, पण साध्या फोनवर ही रीत बरीच वर्षं टिकली. मावशीच्या कार्डावर १० केबीला १० पैसे कापले जायचे. गोळा फिरला की कंपनीचं पहिलं पान आपोआप उतरायचं. वाचलं नाही तरी पैसे गेलेच.

आमच्या मते चूक मावशीची नव्हतीच. ज्यांनी ते बटण बरोबर अंगठ्याखाली ठेवलं त्यांनी बाईच्या कमरेचा विचार केला नव्हता, आणि ते बंद करायचं कसं हे दुकानदारानेही सांगितलं नव्हतं. पुढे ट्रायने इंटरनेट चालू-बंद करायला १९२५ हा फुकटचा नंबर ठरवून दिला. आम्ही तेव्हा कस्टमर केअरला तीनदा फोन लावून ते बंद करवून घेतलं.

त्याआधी मात्र मावशीच्या यजमानांसमोर बसून बॅलन्स तपासला, ६ रुपये २० पैसे. बटण दाबलं, गोळा फिरू दिला, पुन्हा तपासला. ५ रुपये ७० पैसे. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "ते बटणांना कुलूप कसं लावायचं, ते दाखवा जरा."