गाऱ्हाणं आणि वाट

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. मी चौथी शिकलेला शेतकरी, चुकलं तर पदरात घ्या.

आज शिऊरच्या संत बहिणाबाईंचं सांगतो. त्यांचा काळ १६२८ ते १७००. माहेर देवगाव. आपलं चरित्र त्यांनी आपणच अभंगांत सांगितलं. लेकरूपणी लग्न, नवरा वयानं लय मोठा. कोल्हापूरला गाईचं वासरू त्यांच्या मागं कीर्तनाला जाई. जयरामस्वामींनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवला. नवऱ्याले ते खपलं नाही. त्यानं मारलं, बांधून ठेवलं. हे सांगताना बाईंचं बोलणं म्हणजे देवाजवळचं गाऱ्हाणं.

पुढं नवरा आजारी पडला, पस्तावला, अन् सारं घर देहूला तुकोबांकडं गेलं. शेवटी मरण जवळ आलं तेव्हा बाई आपल्या मुलाला, विठोबाला, मागचे बारा जन्म सांगतात. हा तेरावा. आता गाऱ्हाणं नाही, लेकराला वाट दाखवणं आहे. पण म्हणून आधीचा मार त्यांनी खोडून टाकला नाही. लपवला नाही, उगाळलाही नाही.

आता माझं ऐका. बापानं मले चौथीतून काढलं, ढोरामागं लावलं. तरुणपणी धापेवाड्याच्या यात्रेत कीर्तनात हे सांगायचो, तं आवाज चढायचा. लोक हळहळायचे. बाप वीणा घेऊन मागंच उभा असे. मान खाली घाली. एकदाही बोलला नाही.

तो गेल्यावर पेटीत कर्जाची चिठ्ठी सापडली. त्याच सालची. आईचं दुखणं मले आठवत होतं, कर्ज ठाऊक नव्हतं. सालदार ठेवायची ऐपत नव्हती, म्हणून पोरगा ढोरामागं गेला.

आता नातवाले तीच गोष्ट सांगतो. शाळा सुटली तेही सांगतो, चिठ्ठीही सांगतो. आवाज चढत नाही. पण ज्याले ऐकवायची होती, तो बाप राहिला नाही.

माउली, वाटेनं चालताना आपण आपली कहाणी सांगतोच. सांगण्याआधी घरच्या म्हाताऱ्याले एकदा विचारून घ्या, बाप्पा. एवढंच मागणं.

पुंडलिक वरदे हारि विठ्ठल!