अंतर कोणापासून, अंतर कशापासून?



महाराष्ट्रात कोविड-१९ चे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले आणि २५ मार्चपासून सारा देश टाळेबंदीत गेला. त्या दिवसांत ग्रामीण भागात दोन दृश्ये जागोजाग दिसू लागली. रास्त भावाच्या दुकानापुढे चुन्याने आखलेली वर्तुळे हे एक, आणि गावाच्या शिवेवर रस्त्यात आडव्या टाकलेल्या काटेरी फांद्या हे दुसरे. दोहोंमागील हेतू एकच होता, अंतर राखणे. परंतु अंतर नेमके कशापासून राखावयाचे, हा प्रश्न त्या घाईत फारसा विचारला गेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य आणीबाणी संपल्याचे घोषित केले. आता तो प्रश्न शांतपणे विचारता येईल, आणि पुढील साथ येण्यापूर्वी तो विचारणे अगत्याचे आहे.

साथीच्या काळात दूर राहण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला आणि तेथून तो गावोगाव पसरला. घरात उंदीर पडू लागले की माणसे घर सोडून रानात झोपड्या बांधून राहत. पिसवांमार्फत हा रोग उंदरांकडून माणसाकडे येतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखविले. ते सर्वमान्य होण्यास पुढे कित्येक वर्षे लागली. म्हणजे कारण ठाऊक नसतानाही लोकांनी योग्य वस्तूपासून, उंदरांच्या घरापासून, अंतर राखले होते. पटकीची गोष्ट निराळी. तेथे रुग्णापासून सहा फूट दूर बसून दूषित विहिरीचे पाणी पिणाऱ्याला त्या सहा फुटांचा काहीच उपयोग नसतो. रोग ज्या वाटेने प्रवास करतो, त्या वाटेपासूनचे अंतर हेच खरे अंतर होय.

कोविडची मुख्य वाट श्वासाची. बोलताना, खोकताना, गाताना तोंडावाटे तुषार बाहेर पडतात. त्यांतील मोठे तुषार एक-दोन मीटरच्या आत खाली पडतात. ‘दोन गज दुरी’ची सूचना मुख्यतः त्यांच्यासाठी होती. सूक्ष्म कण मात्र हवेत तरंगत राहतात आणि बंद जागेत साचत जातात. आरंभी या दुसऱ्या वाटेला पुरेसे महत्त्व दिले गेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या मार्गदर्शनात तिचा स्पष्ट उल्लेख केला तो २०२१ साली. तोवर भाजी धुण्यात, दारांच्या कड्या पुसण्यात आणि रस्त्यांवर जंतुनाशक फवारण्यात पुष्कळ श्रम व पैसा खर्ची पडला होता. हात धुण्याची सवय चांगलीच. पण रस्ता कोणाच्या तोंडावर श्वास सोडत नाही.

हे समजण्यास चुलीच्या धुराचे उदाहरण पुरेसे आहे. दार लावून चूल पेटविली, तर चुलीपासून चार हात दूर बसणाऱ्याचेही डोळे चुरचुरतात. आधी चुलीजवळ बसणाऱ्याला त्रास होतो, मग हळूहळू सगळ्यांनाच. खिडकी उघडली, धुराड्याचा बोळा काढला, की धूर ओसरतो. अंगणात पेटविलेल्या चुलीशेजारून जाणाऱ्याला क्षणभर वास येतो, एवढेच. संसर्गाच्या जोखमीचा अंदाज याच रीतीने बांधावा: माणूस किती जवळ, किती वेळ, जागा बंद की उघडी, आणि तेथे लोक गप्प आहेत की मोठ्याने बोलत आहेत. मुखपट्टी धूर रोखते, पण सारा रोखत नाही. शिवाय एक अडचण अशी की हा धूर दिसत नाही, आणि लक्षणे दिसू लागण्याच्या दोन दिवस आधीपासूनही तो निघत असतो.

दोन प्रसंग याची साक्ष देतात. २४ जानेवारी २०२० रोजी चीनमधील ग्वांगजो येथील एका उपाहारगृहात तीन कुटुंबे शेजारच्या टेबलांवर जेवली. टेबलांमध्ये सुमारे मीटरभर अंतर होते. खिडक्या नव्हत्या आणि वातानुकूलन यंत्र तीच हवा फिरवीत होते. तीन कुटुंबांत मिळून दहा जण आजारी पडले. त्याच वर्षी १० मार्च रोजी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाचे ६१ सभासद अडीच तासांच्या सरावाला जमले. त्यांनी आलिंगन व हस्तांदोलन टाळले होते. तरीही त्यांपैकी ५३ जणांना निश्चित वा संभाव्य लागण झाली आणि दोघे दगावले. जमलेल्यांत लक्षणे असलेली व्यक्ती एकच होती.

आता रास्त भावाच्या दुकानाकडे वळू. उघड्यावर उभी असलेली, दोन-चार मिनिटांत पुढे सरकणारी रांग ही दिवसातील कमी जोखमीची जागा. त्याच माणसांनी पुढे ग्रामपंचायतीच्या खोलीत खुर्च्या दूर मांडून, पण दारे लावून, तीन तास तावातावाने चर्चा केली, तर वर्तुळांनी मिळविलेले सारे तेथे गमावले जाते. तीच सभा पारावर भरविणे अधिक शहाणपणाचे. २२ एप्रिल २०२१ पासून राज्यात विवाहसमारंभास पंचवीस माणसांची आणि दोन तासांची मर्यादा होती. पंचवीस हा आकडा बहुधा सर्वांच्या ध्यानात राहिला. दोन तासांचे मर्म तितकेसे समजावून सांगितले गेले नाही. संपर्क शोधताना वापरलेल्या पंधरा मिनिटांच्या निकषाचेही तसेच. तो शोध कोठून सुरू करावा हे ठरविण्याचा निकष होता. चौदा मिनिटे निर्धोक, असा त्याचा अर्थ नव्हे.

शिक्षकांना या बाबतीत करण्यासारखे पुष्कळ आहे. समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या की वर्गातील हवा वाहती होते, आणि बाके दूर सरकविण्याइतकेच ते महत्त्वाचे आहे. मोठ्याने पाढे म्हणणे, प्रार्थना, समूहगीत हे पटांगणात घ्यावे. मुलाला स्वतःला धोका थोडा असला, तरी त्याच्या घरी मधुमेही आजी असू शकते, हे हिशेबात धरावे लागते.

राहता राहिल्या शिवेवरच्या काटेरी फांद्या. मुंबई-पुण्याहून परतलेल्यांना अनेक गावांत चौदा दिवस शाळांमध्ये ठेवण्यात आले. शिवेवर, मोकळ्या हवेत, चार हात दूर उभा राहून ग्रामसेवकाशी बोलणारा तो मनुष्य गावाला फारसा धोकादायक नव्हता. मात्र त्यालाच अनोळखी दहा-बारा जणांबरोबर एका बंद वर्गात निजविले, तर त्यांतील एकाची लागण सर्वांना होण्याची सोय आपोआप होते. कुटुंबागणिक खोली, उघड्या खिडक्या, निजण्यास ओटी, एवढी व्यवस्था बहुतेक शाळांत जमण्याजोगी असते. आणि डबा घेऊन आलेल्या आईने पटांगणात दहा हातांवर उभे राहून मुलाशी घटकाभर बोलण्यातला धोका नगण्य होता. काही ठिकाणी तेवढे बोलणेही बंद करण्यात आले होते.