सायकलवरून त्र्यंबकपर्यंत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. पण सायकलवरून डोंगरात जाऊन आलेली म्हणून तुम्ही उभी केलीत, तेव्हा पाहिले तेवढे सांगते.

गेल्या मार्चमध्ये आम्ही अकराजणी अर्नाळ्याहून निघालो आणि चौथ्या दिवशी त्र्यंबकेश्वरला पोचलो. आपल्या अर्नाळ्याला जी वैतरणा समुद्राला मिळते, ती त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावते. म्हणजे आम्ही मुखाकडून उगमाकडे चाललो होतो. मनोरवरून विक्रमगड, जव्हार, मोखाडा अशी वाट. बरोबर तिकडचाच एक वाटाड्या आणि सामानाचा टेम्पो. "चाळिशी उलटल्यावर हे काय खूळ!" असे सासूबाई म्हणाल्या खऱ्या, पण सुकेळीचा डबा त्यांनीच भरून दिला. चढावर त्या सुकेळीइतके बळ कशानेच आले नाही.

वाटाड्या वयाने माझ्या मुलाएवढा, पण शिस्तीचा कडक. चढ लागण्याआधीच गिअर हलका करायचा. उतारावर ब्रेक सारखा धरून ठेवायचा नाही, दाबायचा, सोडायचा. दम लागला तर उतरून सायकल ढकलायची, त्यात लाज कसली? जव्हार सुमारे साडेचारशे मीटर उंचावर आहे. तिथवर जाताना मी दोनदा उतरले. मुकणे राजांचा वाडा पाहिला, चांगला आहे.

तिसरा मुक्काम मोखाड्यापुढच्या एका पाड्यावर होता. पाय धुळीने माखलेले. दारात भरलेली बादली दिसली. वटारच्या सवयीने मी हात-पाय, तोंड धुतले आणि उरलेले अंगणात शिंपडले. घरची बाई काही बोलली नाही. तिने चुंबळ घेतली, दोन हंडे घेतले आणि निघाली. वाटाड्या हळूच म्हणाला, "मावशी, ते उद्या सकाळपर्यंतचे पाणी होते."

मी तिच्यामागे धावले. दगडांची उतरण, खाली कोरड्या ओढ्यात खणलेला झिरा. पाणी वाटीने भरायचे. वाटी भरली की पुन्हा साचेपर्यंत बसायचे. परतताना एक हंडा मी घेतला. निम्म्या वाटेत माझी मान मोडून आली. मी माफी मागितली, तर ती म्हणाली, "तुम्हाला काय ठाऊक, ताई."

आणि खरेच ठाऊक नव्हते. पावसाळ्यात तिथे धो धो कोसळतो, पण कातळावरून सारे वाहून जाते. त्याच तालुक्यात २०१२ साली मध्य वैतरणा धरण पुरे झाले. त्याचे पाणी मुंबईला जाते. मुंबईला कशाला नावे ठेवू? आपल्या वसई-विरारच्या नळाला धामणी धरणाचे पाणी येते, ते जव्हारकडच्या डोंगरांतून येणाऱ्या सूर्या नदीचेच.

दुसऱ्या दिवशी तोरंगण घाट चढलो. घाट अवघड म्हणतात. मला त्याचे काही आठवत नाही. डोळ्यांपुढे ती वाटी होती.

यंदाही सहल निघणार आहे. वाटाड्याशी बोलणे झाले आहे. टेम्पोत आपल्या विहिरीच्या पाण्याची दोन पिंपे भरून न्यायची, म्हणजे निदान आमचा भार त्या घरावर पडणार नाही. आपल्या विहिरीही अलीकडे उन्हाळ्यात मचूळ लागतात, म्हणून आधी चव पाहून भरू. चार जागा शिल्लक आहेत. सायकल कोणतीही चालेल, गिअरची असल्यास बरी. नावे माझ्याकडे द्यावीत.