कॉलेज सुटलेला मुलगा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. मनाच्या आजारावर चार शब्द बोला म्हणालात, तेव्हा छातीत धडधडले. पण घरी घडले तेवढेच सांगते.

माझी थोरली पुण्याला वसतिगृहात राहून शिकते. परीक्षा आली की आमचा रोज फोन. जेवलीस का, झोपलीस का, घाबरू नकोस. धाकटा २०२३ साली बारावीला नापास झाला आणि दुकानात कामाला लागला. त्याला मात्र मी एकच विचारी, "पगार झाला का रे?"

पुढे तो रात्र रात्र जागू लागला. भरली वांगी त्याच्या जिवाची, तीही ताटात तशीच राहात. मित्र कॉलेजात गेले, तसे याचे कट्ट्यावर जाणेही सुटले. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. हे म्हणाले, आळशी झालाय. मला दोन्ही पटले, खोटे कशाला बोलू? मग एका रात्री तो स्वयंपाकघरात येऊन बसला. म्हणाला, "आई, मी नसतो तर तुम्हाला बरे झाले असते."

माझे हातपाय गळाले. उजाडेपर्यंत त्याचा हात धरून बसले. सकाळी थोरलीने १४४१६ हा नंबर दिला. सरकारने २०२२ साली सुरू केलेली ही 'टेलिमानस' सेवा. रात्री-अपरात्रीही फोन लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. तिच्या कॉलेजच्या भिंतीवर तो नंबर लावलेला होता म्हणे. कॉलेज सुटलेल्या माझ्या मुलाने तो कुठल्या भिंतीवर वाचायचा?

आधी मीच बोलले, मग फोन त्याच्या हाती दिला. त्यांच्या सांगण्यावरून जिल्हा रुग्णालयात गेलो. "जीव द्यावासा वाटतो का?" असे डॉक्टरीणबाईंनी त्याला सरळ विचारले. मी दचकले. विचारल्याने नसते डोक्यात येईल, अशी माझी समजूत. त्या म्हणाल्या, "तसे होत नाही. उलट मुलाला हलके वाटते." आणि खरेच, तो ढसढसा रडला, आणि बोलू लागला.

औषध अजून चालू आहे. दुकानात जातो. एखाद्या रात्री झोप येत नाही, तेव्हा मी उठून चहा टाकते. पगाराचे विचारत नाही. शेजारी कोणी 'वेड्यांचा डॉक्टर' म्हणून कुजबुजले, तेही कानावर आले. असो.

आपल्या आळीत कॉलेजात न जाणारी पुष्कळ मुले आहेत. कुणाला जायचे असेल तर संकोच न करता माझ्या घरी या. मी बरोबर येईन. केसपेपरची खिडकी कुठे आहे ते मला ठाऊक आहे.