आवाजाचा शिधा

(वसंत व्याख्यानमालेतील चौथे पुष्प. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन.)

मागे ऐकू येतंय का? शेवटच्या रांगेतून हात वर झाले. छान. ध्वनिक्षेपकवाल्या दादांना विनंती, आवाज आहे तेवढाच राहू द्या. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हा ध्वनिक्षेपक नव्हता. वक्त्याचा घसा आणि श्रोत्याचे कान एवढ्यावरच भागायचं. मी या दोन्हींचा डॉक्टर. मधे नाक येतं, पण आज त्याचं काम नाही. (हशा)

पत्रिकेवर विषय छापलाय ‘ध्वनिप्रदूषण आणि आपण’. संयोजकांची क्षमा मागून मी त्यातला अर्धाच घेणार आहे. ज्यांना आवाज नको असतो त्यांची बाजू मांडणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचं म्हणणं बरोबरही आहे. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम त्यांच्याच बाजूने आहेत: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, दहानंतर ध्वनिवर्धक बंद. पण ज्याला आवाज हवाय, जो आपल्या पायांनी त्या आवाजात जाऊन उभा राहतो, त्याच्या कानांचं काय? तो तक्रार करत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी बघतही नाही. मला आज त्याच्याशी बोलायचंय. कारण तो मीच आहे. शाळेत असल्यापासून बावीस वर्षं मी ताशा वाजवलाय.

इथे पथकातली मुलं बरीच दिसतायत. टी-शर्टवरूनच कळतंय. तेव्हा आधीच सांगतो, वाजवणं बंद करा असं मी म्हणणार नाही. ढोल कानांनी ऐकायचाच नसतो, तो बरगड्यांनी ऐकायचा. पन्नास ढोल एका ठोक्यावर पडले की छातीच्या पिंजऱ्यात जे होतं, ते मला अजून दुसऱ्या कशात मिळालेलं नाही. ज्ञानप्रबोधिनीच्या आप्पासाहेब पेंडशांनी शाळकरी मुलांच्या गळ्यात ढोल दिला, त्या वेळी शहाण्यासुरत्या लोकांनी नाकं मुरडली असतील. आज त्याच पथकांत इंजिनिअर, वकील, चार्टर्ड अकाउंटंट आणि पुष्कळ मुली असतात. ही चांगली गोष्ट आहे. ती टिकायची तर तिच्यातले कान टिकायला हवेत, एवढंच.

आता माझ्या कानांची गोष्ट. मी ताशाच्या रांगेत उजव्या टोकाला उभा राहायचो, म्हणजे बाकीचे सगळे ताशे माझ्या डाव्या कानाशी. मिरवणुकीनंतर दोन दिवस कानात कापूस कोंबल्यासारखं वाटायचं आणि शिट्टी वाजायची. आम्हाला त्याचा अभिमान होता. ‘कान बसले’ म्हणजे वादन झकास झालं! तिसऱ्या दिवशी कान उघडायचे आणि आम्ही विसरून जायचो. मी तेव्हा वैद्यकीय महाविद्यालयात होतो आणि याच विषयाची पुस्तकं वाचत होतो, हे सांगायला लाज वाटते.

मग एका मे महिन्यात रात्री बायकोला म्हणालो, ‘यंदा रातकिडे किती लवकर आलेत!’ ती म्हणाली, ‘अहो, चौथ्या मजल्यावर, बंद खिडकीत, मे महिन्यात कुठले रातकिडे?’ ते माझ्या डाव्या कानात होते. अजूनही आहेत. सुश्रुताने कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले, त्यात या त्रासाला जागा आहे. कर्णनाद हा आपला जुनाच शब्द. गंमत पुढे आहे. पावसाळा आला, खरे रातकिडे बागेत किरकिरायला लागले, आणि ते मला डाव्या कानाने ऐकूच येईनात. खोटे ऐकू येत होते, खरे गेले होते.

सहकाऱ्याने ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणाचा आलेख, काढला. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. गोल बऱ्यापैकी सरळ रेषेत चालले होते. फुल्या चार हजार हर्ट्झपाशी विहिरीत उतरल्यासारख्या खाली गेल्या आणि पुढे पुन्हा वर आल्या. ही खाच म्हणजे मोठ्या आवाजाची सही. लोहाराच्या कानात तीच असते, बंदूक चालवणाऱ्याच्या कानात तीच असते.

चार हजारच का? कानाची नळी तीन हजारांच्या आसपासचे सूर आपणहून वाढवून आत सोडते, आणि मार पडतो तो त्याच्या किंचित वर. आत गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी आहे, उलगडली तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. तिच्यात केसपेशींच्या रांगा: आतल्या सुमारे साडेतीन हजार, बाहेरच्या बारा हजार. झाला संपूर्ण खजिना! डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींहून जास्त, आणि इथे पंधरा-सोळा हजार, त्याही जन्मभर पुरवायच्या. एक मेली की तिच्या जागी दुसरी येत नाही. कोंबडीला येते. १९८०च्या दशकात शास्त्रज्ञांनी कोंबडीच्या पिल्लांत हे पाहिलं, तेव्हापासून माणसात ते कसं जमवावं यावर डोकेफोड चालू आहे. अजून जमलेलं नाही.

चार हजारांच्या आसपास काय काय राहतं? पियानोची उजवीकडची अगदी शेवटची पट्टी. तंबोऱ्याच्या जवारीची चमक: तारेचा मूळ सूर खाली असतो, पण ज्यामुळे तंबोरा जिवंत वाटतो ते वरचे स्वयंभू सूर इथपर्यंत पोचतात. आणि भाषेची व्यंजनं. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते शेवटपर्यंत ऐकू येतात. स, श, त, थ वर असतात. म्हणून म्हाताऱ्या माणसाला ‘सात’ म्हटलं की ‘हात’ ऐकू येतं, आणि तो चिडून म्हणतो, ‘ऐकू येतंय, पण कळत नाही, नीट बोला.’ ताशा वाजवून मी ताशाची किनारच घालवली. ढोल मला अजून उत्तम ऐकू येतो, ताशा मात्र आता पत्र्याच्या डब्यासारखा वाटतो.

कुणी म्हणेल, शरीराने काही सोय केली नाही का? केली आहे. मोठा आवाज आला की शरीरातला सगळ्यात लहान स्नायू कानातल्या तिसऱ्या हाडाला मागे खेचतो आणि दार थोडं ओढून घेतो. पण तो दार ओढेपर्यंत ताशाची काडी पडून गेलेली असते. सुतळी बॉम्बचंही तेच.

आता थोडं गणित. चौथीतलं आहे, घाबरू नका. कान आवाज मोजतो, तसाच वेळही मोजतो. दोन्हींचा गुणाकार त्याच्या वहीत जमा होतो. नायॉश ही अमेरिकेतली सरकारी संस्था कामगारांसाठी मर्यादा सांगते: ८५ डेसिबल असेल तर दिवसाला आठ तास. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ला चार तास, ९१ला दोन, ९४ला एक, ९७ला अर्धा तास, १००ला पाव तास. तीन डेसिबल म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? तीन डेसिबलने आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. कानाला ते फारसं जाणवत नाही. सावकाराचं व्याज असंच न जाणवता चढतं. मी याला आवाजाचा शिधा म्हणतो. दिवसाचा शिधा रोज नवा मिळतो, पण उधारीची सोय नाही.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली, म्हणजे आताच्या सीओईपी विद्यापीठातली, मुलं वर्षानुवर्षं विसर्जनाच्या मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर आवाज मोजतात, आणि आकडा शंभरीच्या आसपास घुटमळतो. दुसऱ्या दिवशी त्याचे मथळे होतात. माझं म्हणणं असं की आपण चुकीच्या दिवसाकडे बघतोय. विसर्जन एक दिवसाचं, फार तर दीड. सराव दीड-दोन महिन्यांचा! आषाढापासून नदीपात्रात, पत्र्याच्या शेडखाली, रोज संध्याकाळी तीन तास. आणि पत्रा काय करतो? आवाज वर जाऊच देत नाही, परत डोक्यावर टाकतो. मी एकदा मीटर घेऊन अशा सरावाला ताशांच्या रांगेमागे उभा राहिलो. आकडा शंभरच्या खाली क्वचितच आला. शंभरला शिधा पाव तासाचा. तीन तास म्हणजे बारा दिवसांचा शिधा एका संध्याकाळी संपवला. दुसऱ्या दिवशी परत तेच. मिरवणुकीत आपण उभे राहतो तेव्हा कान आधीच दिवाळखोर झालेला असतो.

‘पण डॉक्टर, दोन दिवसांत कान उघडतात की!’ उघडतात. माझेही उघडायचे. बोस्टनच्या दोन संशोधकांनी २००९ साली उंदरांना दोन तास शंभर डेसिबलचा आवाज ऐकवला. काही दिवसांनी त्यांची चाचणी पहिल्यासारखी आली. पण कान उघडून पाहिला तेव्हा केसपेशी जागेवर, आणि त्यांना मेंदूशी जोडणारे सांधे मोठ्या प्रमाणात तुटलेले. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मला मान्य आहे. तरीही ते वाचल्यापासून ‘कान बसले आणि उघडले’ या वाक्यातला उत्तरार्ध माझ्या तोंडून निघत नाही.

मग करायचं काय? कापसाचा बोळा घालू नका. कापूस अत्तराच्या फायासाठी ठीक आहे, आवाजाला तो जवळपास काहीच अडवत नाही. उलट बंदोबस्त केला असं वाटून माणूस जास्त वेळ थांबतो. फोमचा इअरप्लग चांगला, स्वस्तही, पण घालता यायला हवा. दहातले आठ जण तो कानाच्या दारात नुसता ठेवतात. बोटांत वळून त्याची बारीक वात करायची, दुसरा हात डोक्यावरून घेऊन कान वर-मागे ओढायचा, वात आत सरकवायची आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायची. आपलाच आवाज रांजणातून आल्यासारखा घुमला की समजा बसला.

एका पथकप्रमुखाने मला सांगितलं, ‘काका, प्लग घातला की ताशा बोलत नाही.’ तो खरं बोलत होता. फोम वरचे सूर जास्त खातो, खालचे कमी. त्यामुळे ढोल राहतो, ताशा मरतो. यावर उपाय निघून जमाना झाला. वाद्यवृंदातल्या वादकांसाठी १९८०च्या दशकाच्या अखेरीस गाळणीचे प्लग आले, सगळे सूर सारखेच, पंधराएक डेसिबलने, खाली आणणारे. चित्र तेच, फक्त कंदील बारीक केलेला. आता तेच गणित पुन्हा मांडू. शंभरातून पंधरा गेले, उरले पंच्याऐंशी. पंच्याऐंशीला शिधा आठ तासांचा. तीन तासांच्या सरावानंतर निम्म्याहून जास्त शिल्लक! एवढ्याशा वस्तूने. मात्र प्लग पहिल्या सरावापासून घाला. विसर्जनाच्या दिवशी पहिल्यांदा घातला तर नक्की काढून फेकाल.

सगळा भार प्लगवर टाकणंही बरोबर नाही. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये २०१२ साली वाग्नरच्या ‘डी वाल्क्युरे’ची तालीम चालू होती. व्हायोला वाजवणाऱ्या ख्रिस गोल्डशायडर यांची खुर्ची पितळी वाद्यांच्या थेट पुढे. आवाजाची टोकं १३० डेसिबलच्या पार गेली आणि त्यांचे कान कायमचे बिघडले. प्लग दिलेले होते. संस्थेचा युक्तिवाद असा की कारखान्यात आवाज हा कामातून निघणारा कचरा असतो, आमच्याकडे आवाज हाच माल आहे. ऐकायला फार सुंदर युक्तिवाद! न्यायालयाने २०१८ साली तो मानला नाही, २०१९मध्ये अपिलातही निकाल गोल्डशायडर यांच्याच बाजूने राहिला. कलेला कानाची सूट नाही. पथकांनी यातून घ्यायचं ते एवढंच, की कोण कुठे उभं राहतं हाही सुरक्षेचा भाग आहे. ताशाच्या रांगेत टोकाची माणसं रोज बदला. अर्ध्या तासाने वाद्यं खाली ठेवून शेडच्या बाहेर, शांततेत, चहा प्या. ढोल ताणायला बसलेल्याच्या डोक्याशी दुसऱ्याने वाजवू नये.

डॉल्बीबद्दल विचाराल, म्हणून एक सांगून टाकतो. साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंत भिंतीएवढ्या स्पीकरांना आपण ‘डॉल्बी’ म्हणतो. रे डॉल्बी या गृहस्थांनी १९६५ साली कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करायला. ज्याने जन्मभर आवाज स्वच्छ केला, त्याच्या नावाने आपण खिडक्यांच्या काचा फोडतो. (हशा) त्या भिंतीपुढे नाचणाऱ्यांना मी अंतर ठेवा एवढंच म्हणेन. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज बराच उतरतो. आणि तान्ही मुलं खांद्यावर घेऊन तिथे उभं राहू नका. त्यांना सांगता येत नाही.

मोबाइलचं थोडक्यात. लोकलमध्ये, बसमध्ये इंजिनाच्या आवाजावर मात करायला आपण गाणं वाढवतो, तिथे घोटाळा होतो. कान नीट बंद करणारा इअरफोन घेतलात तर तेच गाणं अर्ध्या आवाजात पुरतं.

शेवटचं, आणि हे डॉक्टर म्हणून. वादनानंतर दुसऱ्या दिवशीही कान बंद असेल, शिट्टी थांबत नसेल, किंवा एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं, तर कोमट तेल घालू नका, आठवडाभर वाटही बघू नका. त्याच दिवशी दाखवा. अचानक गेलेल्या श्रवणाला औषध लागू पडतं ते पहिल्या काही दिवसांत. आणि पथकप्रमुखांनो, नव्या मुलाची नावनोंदणी करता तसा आषाढाआधी त्याचा एक ऑडिओग्राम काढून ठेवा. वीस मिनिटांचं काम आहे.

दाराजवळच्या टेबलावर फोमच्या प्लगांचा खोका ठेवलाय. फुकट आहेत. पण नुसते खिशात टाकून जाऊ नका. मी तिथेच उभा आहे, नीट घालून दाखवल्याशिवाय कुणालाही सोडणार नाही.